रोजची गाडी आणि वर्षातून चार-पाच ट्रॅक डे, टायर कोणते टाकू?

तिसरं_वळण

नमस्कार मंडळी. माझी पुढची चाकं ओढणारी टर्बो हॅचबॅक आहे, वजन १३५० किलोच्या आसपास, सस्पेन्शन कंपनीचंच, टायर २२५/४५ आर१७ (२२५ मिमी रुंद) आणि रिम ७ इंची. रोजचं येणंजाणं हिच्यावरच, पावसात पण. गेल्या वर्षी दोन ट्रॅक डे (आपलीच गाडी रेस ट्रॅकवर पळवायचे दिवस) केले आणि चटक लागली, यंदा चार-पाच करायचा विचार आहे. गाडीबरोबर आलेले टायर टूरिंग टाइपचे आहेत, पहिल्या दोन लॅप ठीक जातात आणि मग पुढचं टोक ऐकेनासं होतं, स्टिअरिंग कितीही फिरवा गाडी आपली सरळ. दुसऱ्या ट्रॅक डेला संध्याकाळी बघितलं तर पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झालेल्या, आणि आतली बाजू जवळजवळ नवीच!!

आता नवीन टाकायचेच आहेत तर पायलट स्पोर्ट ५, पोटेन्झा स्पोर्ट असे रोडवाले घेऊ, की २०० ट्रेडवेअरवाले (ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकतो त्याचा आकडा; ॲडव्हान निओवा एडी०९, आरई-७१आरएस वगैरे), की सरळ पायलट स्पोर्ट कप २ (सेमी स्लिक, म्हणजे कमी खाचांचा, जवळजवळ रेसचा टायर)? वाचून वाचून डोक्याचा भुगा झालाय. शिवाय एक मित्र म्हणतो २२५ सोड, २४५/४० टाक, रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप. खरंय का?

जुना_रबर

भाऊ, आधी त्या कडांबद्दल बोलू, कारण उत्तर तिथेच आहे आणि टायर बदलून ते जाणार नाहीये. कंपनीच्या सेटिंगमध्ये पुढे निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत झुकलेलं असणं, साधारण अर्धा-एक डिग्री असतो. जोरात वळण घेतलं की गाडी झुकते, बाहेरचं चाक पण सोबत झुकतं आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या खांद्यावर येतो, आतली अर्धी रुंदी नुसती सोबतीला. अशा गाडीवर जगातला कुठलाही टायर टाक, आधी कडच जाणार, उलट जास्त ग्रिपवाला टाकलास तर गाडी अजून झुकेल आणि कड अजून लवकर जाईल. कॅम्बर प्लेट किंवा ॲडजस्टेबल बोल्ट टाकून पुढे दोन-सव्वादोन डिग्री निगेटिव्ह घे. लोक घाबरवतात की रस्त्यावर आतली बाजू खाईल म्हणून, पण माझा अनुभव असा की आतली बाजू खातो तो बिघडलेला टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं), कॅम्बर एकटा इतका नाही खात. टो शून्याजवळ ठेव आणि बिनधास्त चालव.

आता टायर. तुझे दोनच ट्रॅक डे झालेत, म्हणून माझं मत रोडवाला चांगला टायर घे, तू म्हणतोस त्यातलाच कुठलाही किंवा ईगल एफ१ असिमेट्रिक ६. कारण ग्रिप किती आहे हा मुद्दा नाहीच, ग्रिप संपताना टायर सांगतो कसा हा आहे. रोडवाला आधी किंचाळतो, मग हळूहळू सरकायला लागतो, तुला चूक कळते आणि सुधारायला वेळ मिळतो. सेमी स्लिक बराच वेळ गप्प बसतो आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो, तोवर तुझा वेगपण वाढलेला असतो. शिकायच्या काळात तो टायर तुझ्या चुका झाकतो, लॅप टाइम कमी दिसतो आणि तुला वाटतं मी भारी झालो.

एक मात्र आहे, रोड टायर नवाकोरा घेऊन दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर जाऊ नकोस. नव्या टायरला ७-८ मिमी ट्रेड (खाचांचा थर) असतो, ते उंच उंच ठोकळे वळणात वाकतात, वाकण्यातूनच तापतात आणि तापले की तुकडे उडतात. दोन-तीन हजार किमी रस्त्यावर चालवून थोडा झिजू दे, मग ट्रॅकला ने. अर्धवट झिजलेला रोड टायर ट्रॅकवर नव्यापेक्षा छान वागतो, फक्त त्याच टायरवर मुसळधार पावसात घरी येताना जरा बेतानं.

फक्त_दोनशे

वरच्या दादांचा मान राखून सांगतो, मला हे अर्धंच पटतं. २० मिनिटांचं सेशन आणि १३५० किलोची टर्बो गाडी, रोडवाला टायर पाचव्या-सहाव्या लॅपला साबण लावल्यासारखा होतो. मग दोन लॅप थंड करा, पुन्हा दोन लॅप जोरात, पुन्हा थंड. यात शिकणार काय? मी एक नामवंत रोड टायरचा सेट दोन दिवसात संपवलाय, ट्रेडचे ठोकळेच्या ठोकळे उडाले, आणि चूक टायरची नव्हती, मी त्याला जे काम दिलं ते त्याचं नव्हतंच. २०० वाले टायर ही उष्णता सोसायला बनवलेत, ट्रेड कमी खोल, ठोकळे मोठे, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) ताठ. एडी०९ टाकून मी रोज जातो येतो, आवाज करतो थोडा, खडी उचलून व्हील आर्चमध्ये फेकतो तडतड, त्याची सवय झाली.

@तिसरं_वळण फक्त एक ध्यानात ठेव की २०० हा आकडा सगळ्यांचा सारखा नसतो. २०० वाल्यातच एडी०९ सारखे रोज चालणारे पण आहेत आणि ए०५२ सारखे जवळजवळ रेसचे पण, जे एका लॅपला भन्नाट पण पटकन तापतात आणि पटकन संपतात.

जुना_रबर

२०० चा विषय निघालाच आहे तर सांगतो, हा आकडा येतो अमेरिकेच्या यूटीक्यूजी पद्धतीतून. एका ठरलेल्या टायरला १०० धरतात, बाकीचे त्याच्यासोबत ताफ्यात ७२०० मैल, म्हणजे साडेअकरा हजार किमीच्या वर, साध्या रस्त्यावर चालवतात आणि झीज मोजून पुढचा हिशोब मांडतात. म्हणजे २०० वाला कागदावर दुप्पट टिकला पाहिजे. पण आकडा जाहीर करते टायर कंपनी स्वतः, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच हौशी स्पर्धांच्या नियमात रोड टायर म्हणजे किमान २०० असं लिहिलेलं, मग काय, सगळ्यांचे टायर बरोब्बर २०० वर येऊन बसतात 😄 त्याच शिक्क्यात ट्रॅक्शनची जी एए, ए, बी अशी श्रेणी असते ती पण ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून काढतात, वळणाचा त्यात काही संबंध नाही. त्यामुळे दुकानात कोणी एए दाखवून हा ट्रॅकला एक नंबर म्हणाला तर नुसतं हसून सोडून द्यायचं.

ओली_फरशी

पावसाचं कोणीच नीट बोलत नाहीये म्हणून लिहितेय. माझ्याकडे आधी कप २ होते, कोरड्यात असं वाटायचं की गाडी रस्त्याला शिवलीये. ते टायर थंड असताना आणि रस्ता ओला असताना मात्र वेगळीच गाडी. एका ट्रॅक डेहून परत येताना पाऊस लागला, टायर अर्ध्यावर झिजलेले, हायवेवर साचलेलं पाणी, ८० च्या वेगाला स्टिअरिंग एकदम हलकं झालं आणि दोन-तीन सेकंद मी फक्त प्रवासी होते. टायर वाईट नाहीत, चूक माझी. मुळातच खाचा कमी आणि उथळ, त्यात झिजल्या, पाणी जाणार कुठून? कायद्याची १.६ मिमी ची मर्यादा बघत बसू नका, मी ३ ला पावसातून काढते.

तेव्हापासून दोन सेट. रोजच्या रिमवर रोड टायर, दुसऱ्या रिमवर ट्रॅकचे. जागा लागते, ने-आण करायची कटकट आहे, पण हिशोब केला तर दोन्ही सेट दुप्पट टिकतात. तुम्ही पावसात पण रोज जाता म्हणालात, मग एकाच टायरकडून सगळं मागू नका हो.

नट_आवळा

रुंदीबद्दल. ७ इंची रिमवर २४५/४० आर१७ बसवायचाच नाही, त्याला किमान ८ इंची रिम लागते. ओढूनताणून बसवला तर साइडवॉल आत दबते, टायर फुग्यासारखा दिसतो आणि वळणात डुलतो, म्हणजे रुंद टायर घालून कमी धारदार गाडी. २२५/४५ ला ७ ते साडेआठ चालते, तू सध्या खालच्या टोकाला आहेस. साडेसात किंवा आठची रिम घेऊन हाच २२५ घातलास तरी स्टिअरिंगमध्ये फरक कळेल. (ऑफसेट, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते ते, तपासून, नाहीतर आत सस्पेन्शनच्या स्ट्रटला किंवा बाहेर फेंडरला घासेल.)

आणि लोड इंडेक्स बघ, ९१ म्हणजे चाकामागे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. कंपनीने दिलाय त्याच्या खाली जाऊ नये. तारीख पण बघ, टायरवरच्या डॉट कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सेलमध्ये स्वस्तात मिळणारे परफॉर्मन्स टायर बऱ्याचदा गोदामात म्हातारे झालेले असतात, दिसायला चकाचक आणि रबर कडक.

तिसरं_वळण

बापरे, मी टायर विचारला आणि अलाइनमेंट, रिम सगळं निघालं 😅 सगळ्यांचे आभार. कॅम्बरचं तर डोक्यातच नव्हतं. हवेचं पण सांगा ना कोणीतरी. मी दोन्ही वेळा कंपनीच्या आकड्याप्रमाणे ३३ पीएसआय (दाबाचं माप) ठेवली होती आणि तशीच दिवसभर चालवली.

फक्त_दोनशे

अरे मग शेवटच्या सेशनला तू ४० वर असशील! हवा तापली की वाढते, ढोबळ हिशोब दर ५-६ डिग्रीला १ पीएसआय, ट्रॅकवर ६-८ सहज चढते. म्हणून ट्रॅकवर गरम आकडा बघायचा असतो. सेशन संपवून पिटमध्ये (ट्रॅकबाहेर गाड्या थांबतात तिथे) आलास की लगेच मोज, तुझ्या गाडीला पुढे गरम असताना ३५-३६ पासून सुरुवात कर आणि जास्तीची सोड. खांद्यावरचा छोटा त्रिकोण असतो ना साइडवॉलजवळ, झिजेची खूण तिथपर्यंत यावी, त्याच्या खाली उतरली तर हवा कमी, वरच राहिली तर जास्त. पुढचं टोक न ऐकण्यात निम्मा हात या ४० चा असणार, लिहून देतो.

नट_आवळा

आणि घरी निघायच्या आधी हवा परत भरायची!! गरम असताना ३६ वर आणलेला टायर थंड झाला की २८-२९ वर बसलेला असतो, त्यावर हायवेला जायचं नाही. छोटा कॉम्प्रेसर आणि स्वतःचं गेज जवळ ठेव, प्रत्येक पंपाचं गेज वेगळं बोलतं. व्हील नट पहिल्या सेशननंतर टॉर्क रेंचने तपास. शेवटची लॅप हळू मारायची, टायर आणि ब्रेक दोन्ही निवतात, पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गियरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावायचा.

जुना_रबर

अजून एक राहिलंच. ग्रिपवाला टायर आला की ब्रेक उशिरा मारायला लागशील, म्हणजे ब्रेकवरचा भार वाढणार. ब्रेक फ्लुइड कधी बदललंय? डॉट ४ फ्लुइड ताजं असताना किमान २३० डिग्रीला उकळायचं, ओलावा धरला की मर्यादा १५५ वर येते. पेडल स्पंजसारखं झालं तर कप २ असो नाहीतर स्लिक, काही उपयोग नाही. पैसे वाटून टाकायचे तर मी आधी फ्लुइड, मग पॅड, मग कॅम्बर, मग टायर असं टाकेन.

@फक्त_दोनशे तुझं एक मान्य, जड टर्बो गाडीला रोडवाला टायर पूर्ण सेशन पुरत नाही. पण याच्याकडे ४० पीएसआय आणि नावापुरता कॅम्बर होता, या अवस्थेत कुठलाच टायर पुरला नसता. आधी हे सुधारून जुन्याच टायरवर एक दिवस जाऊन येऊ दे त्याला. तसेही ते गोटाच व्हायच्या मार्गावर आहेत, मारू दे.

फक्त_दोनशे

हे चालेल. पण दोन-तीन दिवसांनी हा पठ्ठ्या २०० वाल्यांवर येणार, बघाच.

तिसरं_वळण

ठरलं मग. फ्लुइड याच आठवड्यात बदलतो, कॅम्बर बोल्ट मागवलेत, दोन डिग्रीपर्यंत जातील असं वाटतंय. कडा गेलेल्या जुन्या टायरांत रबराखालचा दोरा वगैरे दिसत नाहीये, तरी पुढचे मागे आणि मागचे पुढे करून एक दिवस बघतो, गरम ३६ ठेवून. रोजच्यासाठी त्यानंतर पायलट स्पोर्ट ५ किंवा पोटेन्झा स्पोर्ट, २२५ च. दुसरा सेट साडेसात इंची रिमवर पुढच्या वर्षी, तोवर बायकोला गॅलरीतली जागा मागून ठेवतो.

ओली_फरशी

पुढचे मागे करताय ते जपून. कडा गेलेले टायर मागे गेले की ओल्यात मागचं टोक आधी सुटतं, आणि पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ते सावरणं जास्त अवघड. त्या दिवशी पाऊस असेल तर जाऊच नका, आणि घरी आल्याबरोबर काढून टाका ते.

तिसरं_वळण

बरं झालं सांगितलंत, मी तर उलटाच विचार करत होतो. पाऊस दिसला तर दिवस रद्द. जाऊन आलो की झिजेचे फोटो टाकतो.