सगळं खापर म्हाताऱ्यांवर नको

"म्हाताऱ्यांनी तरुणांचं भविष्य विकलं" हे ब्रेक्झिटबद्दल, म्हणजे ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याबद्दल, केलं जाणारं विधान मला अर्धंच पटतं. वयाचा फरक होताच, पण २३ जून २०१६च्या सार्वमताचा निकाल जरा प्रदेशवार बघा. एकूण ५१.९ टक्के बाहेर पडायच्या बाजूने, ४८.१ टक्के राहायच्या. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के युरोपीय संघात राहायचं म्हणत होते. आणि ईशान्य इंग्लंडमधलं संडरलंड? तिथला निसानचा कारखाना युरोपला गाड्या विकूनच चालतो, तरी ६१ टक्के लोक म्हणाले, बाहेर पडा! याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तिथली जहाजबांधणी १९८८मध्ये बंद पडली, शेवटची कोळसाखाण १९९३मध्ये. त्यांना 'अर्थव्यवस्था बुडेल' ही भीती घालून काय होणार? त्यांची आधीच बुडाली होती.

खरी गोची उत्तर आयर्लंडची. १९९८च्या शांतता करारानंतर निवळलेल्या, युरोपीय संघातल्या आयर्लंडसोबतच्या सीमेवर पुन्हा नाके नकोत, म्हणून मालाची तपासणी ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडमधल्या समुद्रावर ढकलली. मग आपल्याच देशात, इंग्लंडहून बेलफास्टला माल पाठवायला कागदपत्रं आली. २०२१मध्ये तर लंडन आणि ब्रसेल्सची (म्हणजे युरोपीय संघाची) चक्क तिकडे सॉसेज पाठवण्यावरून जुंपली. प्रचारात यावर कितीसं बोललं गेलं होतं?