हिंदी महासागरावर स्ट्रॅटेजी गेम करतोय, खेळायला आठच देश ठेवता येणार, कुठले ठेवू आणि कुठले उडवू?

नांगर_टाका
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून एक टर्न बेस्ड गेम करतोय. मॅप पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मलाक्कापर्यंत, काळ १५०० ते १७००. भर सगळा बंदरं, व्यापार आणि आरमारावर, जमिनीवरच्या लढाया नावापुरत्या. मॅप झालाय, व्यापारी मार्ग झालेत, मान्सूनप्रमाणे वारा उलटा फिरतो तेही चालू झालंय (वर्ष त्यातच गेलं म्हणा ना). आता गाडी अडलीय ती देशांवर. एकेका देशाची जहाजं, झेंडा, एआय, शहरांच्या नावांची यादी, इव्हेंट्स, हे सगळं धरलं तर खेळता येण्यासारखे आठच देश झेपतील. बाकीचे मॅपवर दिसतील पण एआयच चालवणार.

सध्याची यादी: पोर्तुगाल, ऑटोमन, मुघल, विजयनगर, सफवी इराण, मिंग चीन, डच, इंग्रज.

टेस्टिंगला ज्यांना दिलं त्यांचं म्हणणं असं की मुघल, विजयनगर आणि सफवी खेळताना एकच देश रंग बदलून खेळल्यासारखं वाटतं, जमीन भरपूर, पैसा भरपूर, समुद्राकडे ढुंकून बघायची गरज नाही. आणि मिंग तर मॅपच्या कोपऱ्यात नुसतेच बसून असतात. पण स्टोअर पेजवर मुघल दिसले की माणूस क्लिक करतो, किल्वा (पूर्व आफ्रिकेचं बंदर) दिसलं की पुढे जातो, हेही खरंच आहे ना. काय करावं?

जुना_खेळाडू
यादी नंतर, आधी सुरुवातीची तारीख पक्की कर. १५०० म्हणतोयस पण तेव्हा तुझे निम्मे देश आहेतच कुठे? बाबर हिंदुस्थानात जम बसवतो १५२६ ला, सफवींचा इस्माईल तख्तावर बसतो १५०१ ला, इंग्रजांची कंपनी १६०० ची आणि डचांची १६०२ ची. आणि १५६५ ला तालिकोट झालं की विजयनगर खिळखिळं. म्हणजे तू दोनशे वर्षांतले फेमस लोक एका फोटोत उभे केलेस. युरोपा युनिव्हर्सालिस ४ या गेमची सुरुवात बघ, ११ नोव्हेंबर १४४४, म्हणजे ऑटोमननी वार्नाची लढाई जिंकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तारीख अशी धरलीय की पहिल्याच दिवशी ऑटोमनला मोकळं रान आणि बायझंटाईनच्या गळ्याशी पाणी. कोण कोणाच्या विरोधात ते तारखेनेच ठरवून टाकलं.

तुझ्यासाठी मी १५०८ चा शेवट धरेन. फेब्रुवारी १५०९ ला दीवची लढाई, म्हणजे पहिल्या चार-दोन टर्नमध्येच धमाका. इजिप्तच्या मामलुकांचं आरमार दीवला आलेलं आहे, कालिकतच्या सामुतिरीची (तिथल्या राजाची) जहाजं त्यांच्या बाजूने, समोर पोर्तुगीज, आणि मध्ये दीवचा सुभेदार मलिक अयाज जो दोन्हीकडे हात ठेवून आहे. इथे आयते चार पक्ष मिळाले, आणि चौघांनाही समुद्राशिवाय गत्यंतर नाही.

आता मुद्द्याचं. एखादा देश घ्यायचा की नाही हे त्याच्या आकारावर ठरवू नकोस, तो घेतल्याने शेजाऱ्याचा खेळ बदलतो का एवढंच बघ. तुझ्या यादीत गुजरात नाहीये हे बघून मी खरंच हादरलो राव! गुजरातची सल्तनत म्हणजे अशा गेमसाठी सोनं. खंबायत आणि दीवचा व्यापार हातात, सगळा पैसा समुद्रातून, पण पाठीमागून जमिनीवरून कोणीतरी कायम टपलेलं. हुमायून चाल करून येतोय म्हटल्यावर बहादूरशहाने १५३४ ला वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली, १५३५ ला दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली, आणि १५३७ ला त्यांच्याच जहाजावर भेटीला गेला तो परत येताना झटापटीत मेला. हे तीन इव्हेंट नुसते लिही, प्लेअर दर टर्नला डोकं धरून बसेल की बंदर देऊ का सैन्य उभं करू. असा पेच मुघल खेळताना येणारच नाही, कारण मुघल म्हणजे तो पेच निर्माण करणारी पार्टी. त्यांना एआयच ठेव, १५७३ ला अकबर गुजरात गिळतो तसा वरून दबाव येत राहू दे.

आणि आठ आकडा बरोबर आहे, वाढवू नकोस. आठ देश म्हणजे आपसात २८ जोड्या बॅलन्स करायच्या, बारा केलेस की ६६. एज ऑफ एम्पायर्स ४ सुद्धा २०२१ ला आठच घेऊन आला होता, आणि त्यांची टीम तिघांची नव्हती.

तोफेचा_गोळा
ते सगळं ठीक पण मराठे कुठायत???

भगवा_कॅप्टन
+१. आरमारावरचा गेम, मराठीत धागा, आणि यादीत मराठे नाहीत 😂 एम्पायर टोटल वॉरवाल्यांनी २००९ ला घेतले, तुम्हाला काय झालं.

जुना_खेळाडू
एम्पायर १७०० ला सुरू होतो म्हणून घेतले, आणि तिथेसुद्धा पहिल्याच दिवसापासून नाव मराठा कॉन्फेडरसी, म्हणजे सरदारांचा संघ! १७०० ला राजाराम महाराज नुकतेच गेलेले, ताराबाई एकेक किल्ला झुंजवतायत, कॉन्फेडरसी अजून लांबच होती. असो. १५०८ ला स्वराज्य आणायचं म्हणजे दीडशे वर्षं आधी. कल्याण-भिवंडी ताब्यात आली १६५७ ला, तिथून पुढे जहाजबांधणी, सिंधुदुर्गाचं काम १६६४ ला सुरू. त्यापेक्षा मराठ्यांना मध्येच उगवणारा देश कर. कोकणातली बंदरं कुठल्याही एका सत्तेच्या पूर्ण ताब्यात नसतील आणि मागची सल्तनत कमजोर पडली असेल तरच उठाव होणार, आणि तेव्हा प्लेअरला विचार, आहे तोच देश चालवतोस का मराठे घेतोस. तोवर त्याने किनाऱ्यावर जे काही बांधलंय तेच आता त्याला फोडायचंय. मजा येईल बघ.

असे उगवणारे अजून आहेत. १५११ ला मलाक्का पोर्तुगीजांकडे गेलं तसे मुसलमान व्यापारी तिथून उठून दुसरीकडे वळले, त्यातला मोठा फायदा सुमात्रातल्या अचे सल्तनतीला. ओमानचंही तसंच, १६५० ला पोर्तुगीजांकडून मस्कत घेतलं आणि १६९८ ला तर थेट त्यांचा मोंबासाचा किल्ला फोर्ट जीझस, तोही दोन वर्षांच्या वर वेढा घालून. कोणी पडलं की कोणी उठतं, आठ जागांमध्ये तुला बारा देशांचा खेळ मिळतो.

बंदर_आणि_बाजार
डच आणि इंग्रज दोन्ही ठेवण्यात काय अर्थ आहे मला कळलं नाही. दोन जागा खाऊन खेळ एकच. आणि मुळात ते देश म्हणून टाकूच नका, कंपनी म्हणून टाका. कंपनीला प्रजा नाही, राजघराणं नाही, वारसाहक्काची भानगड नाही, पण भागधारक आहेत आणि त्यांना नफा पाहिजे. म्हणजे जिंकायची अटच वेगळी होते, तुम्ही अर्धा महासागर घेतलात तरी नफा दिसला नाही तर वरून गव्हर्नर बदलला, गेम ओव्हर. डच कंपनीच घ्या, बटाव्हिया (आजचं जकार्ता) १६१९, मलाक्का १६४१, मसाल्याची मक्तेदारी, सगळं मॅपवर बसतं. इंग्रज एआय राहू देत, १६२२ ला सफवींना इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं होर्मुझ घ्यायला जहाजं दिली तसे भाड्याने मिळणारे मित्र म्हणून. पोर्तुगीजांना मात्र कंपनीची मेकॅनिक लावू नका, त्यांचा धंदा परवान्याचा. कार्ताझ (त्यांचा समुद्रपरवाना) घ्या नाहीतर जहाज जप्त. छोटा देश, माणसं कमी, म्हणून जमीन न घेता नाक्यानाक्यावर बसून वसुली.

शांत_वारा
एक वेगळी गोष्ट, कोणी बोललं नाही म्हणून. कोणाला घ्यायचं याच्या इतकंच कसं घ्यायचं हे पण बघा. सिव्हिलायझेशन ५ या गेममध्ये अमेरिकेतल्या मूळनिवासी प्वेब्लो लोकांचा नेता पोपे घ्यायचा विचार होता, त्यांच्या कौन्सिलने हरकत घेतली, मग २०१३ च्या एक्सपान्शनमध्ये त्यांच्या जागी शोशोनी ही दुसरी मूळनिवासी जमात आली. सिव्हिलायझेशन ६ मध्ये कॅनडातले मूळनिवासी क्री घेतले तेव्हा २०१८ ला पाउंडमेकर क्री नेशनमधूनच टीका झाली की आमचा नेता तुमच्या त्याच जमिनी बळकावण्याच्या खेळात कशाला बसवलात. म्हणजे "तुम्हाला घेतलं ना, खूश व्हा" असं नसतं ते.

तुमच्या मॅपवर हे दोन ठिकाणी येणार. एक, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची स्वाहिली शहरं. १५०५ ला पोर्तुगीजांनी किल्वा आणि मोंबासा दोन्ही लुटली, त्यामुळे बहुतेक लोक त्यांना पहिल्या दहा टर्नमध्ये मरायला ठेवतात. पण मालिंदी पोर्तुगीजांच्या बाजूने होतं आणि मोंबासा विरोधात, सोफाळ्याच्या सोन्यावरून वेगळी चढाओढ. शहराशहरांतलं हे राजकारणच प्लेअरच्या हातात द्या, कोणाला पुढे करायचं आणि कोणाला बळी द्यायचं. दुसरं म्हणजे कुंजाली मरक्कार. पोर्तुगीज त्यांना चाचे म्हणायचे, सामुतिरीच्या दृष्टीने ते आरमाराचे सरदार. तुमच्या गेममध्ये त्या युनिटवर कर्सर नेला की काय नाव दिसतं ते आत्ता जाऊन बघा.

नांगर_टाका
बघितलं. "मलबारी चाचे" दिसतंय 🙈 आता असं करतोय की खेळणारा पोर्तुगीज असेल तर चाचे दिसेल, कालिकत असेल तर मरक्कार. कोडमध्ये दोन ओळींचं काम आहे.

तिघांचं बोलणं झालं. सुरुवात १५०८. देश: पोर्तुगाल, गुजरात, कालिकत, मामलुक (१५१७ ला इजिप्त पडलं की प्लेअर ऑटोमन होणार), होर्मुझ (ते पडलं की ओमान), स्वाहिली, मलाक्का (ते पडलं की अचे), आणि आठवी डच कंपनी जी १६०२ नंतरच उघडेल. मराठे कोकणातून उगवणार, शिवाय १६६० ची वेगळी स्टार्ट डेट देतोय, तिथे पहिल्या टर्नपासून घेता येतील. मिंग गेले. विजयनगर एआय, पण घोडे विकत घेणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणून, होर्मुझवाल्याला त्यांच्याशी जुळवून घ्यावंच लागेल. स्टोअर पेजचं टेन्शन अजून आहेच.

तोफेचा_गोळा
पोस्टरवर मुघल टाक की, शत्रू म्हणून. क्लिक ते क्लिकच.
आणि १६६० ला मराठे देतोयस तर जंजिऱ्याचा सिद्दी पण दे खेळायला. एक प्रांत, एक किल्ला, चार जहाजं, आणि तरीही पडायचा नाही. बॅलन्स करून दाखव तेवढं.