रोमन खाणं समजून घ्यायचंय: पॉम्पेईत नेमकं काय पाहावं?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. नाशिकहून चौघं इटलीत नेपल्सला आणि जवळच्या पॉम्पेईला (ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन शहर) चाललोय, हातात दोनच दिवस. देवळं-पुतळे नकोत. रोमन लोक काय खायचे, कसं दळायचे-भाजायचे एवढंच बघायचंय. परतल्यावर एखादा पदार्थ करूनही पाहू. दोघं शाकाहारी, अंडं चालतं.

जातं
तिकीट आधीच काढा. पॉम्पेईत दिवसाला २०,००० जणांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागतं. आत शिरल्यावर थेट पोपिडियस प्रिस्कसची बेकरी गाठा. लाव्हाच्या दगडाची जाती आहेत: खालचा दगड शंकूसारखा, वरचा डमरूसारखा पोकळ. धान्य वरून ओतायचं, दांडा गाढवाने नाहीतर गुलामाने फिरवायचा. तिथेच विटांची भट्टी.

मग रेजिओ पाचमधलं (पॉम्पेईचा पाचवा विभाग) थर्मोपोलियम, म्हणजे रस्त्यावरचं खाण्याचं दुकान. कट्ट्यात बसवलेल्या रांजणांत गरम कालवण असायचं, असं गाईड सर्रास सांगतात. पण कट्ट्यात चिणलेला, झिलई नसलेला रांजण घासणार कसा? बऱ्याच ठिकाणी सुका माल असावा. या कट्ट्यावर मात्र बदक, डुक्कर, बकरी, मासे, गोगलगायी यांचे अवशेष मिळालेत आणि वाइनच्या रांजणात भरडलेला बाकला (फावा बीन). तेव्हा सरसकट काहीच म्हणू नका.

द्राक्षबाग
खरं अन्न नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. कोळसा झालेले, आठ फाकांच्या खुणा असलेले गोल पाव बघाच. मंगळवारी ते बंद असतं. वाइनमध्ये रस असेल तर पॉम्पेईजवळच्या बोस्कोरेआले गावातलं व्हिला रेजिना, म्हणजे वाइन करणारं रोमन शेतघर: १८ रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेत, म्हणजे रस आंबताना तापमान फारसं हलत नाही.

खपली
घरी लिबुम करा, म्हणजे चीज-पिठाचा भाजलेला रोमन गोळा. केटो या रोमन लेखकाच्या कृतीत दोन रोमन पौंड चीज, एक पौंड पीठ, एक अंडं. म्हणजे साधारण ६५० ग्रॅम, ३२५ ग्रॅम आणि १. चीजऐवजी घरचं पनीर फडक्यात टांगून कोरडं करा, खलात गुळगुळीत वाटा, मग पीठ आणि अंडं. गोळे तेजपत्त्यावर ठेवून, वर मातीचं झाकण घालून मंद आचेवर भाजा. ओव्हन १८० अंशांवर, पाऊण तास. पनीर ओलं राहिलं तर गोळा पसरतो, आच वाढवली तर वरून करपून आत कच्चा राहतो. आपला तेजपत्ता, म्हणजे तीन लांब शिरांचा, युरोपातल्या बे लीफपेक्षा वेगळ्या झाडाचा आहे. बे लीफ मिळालं तर उत्तम. टोमॅटो, मिरची, बटाटा मात्र घालू नका, ते तेव्हा युरोपात नव्हतेच. हिंग चालेल, रोमनांना तो आवडायचा.

गंगापूररोडकर
खपली गव्हाचं पीठ चालेल?

खपली
हो. रोमनांची लापशी, पुल्स, याच जातीच्या गव्हाची. फक्त बारीक चाळणीतून चाळा, नाहीतर कोंड्यामुळे गोळा फुटतो.