‘दामदुप्पट’ म्हणजे नक्की काय?

(दांडिया बाजार, वडोदरा)

आमच्या महिला मंडळासाठी बचत आणि कर्ज या विषयावर मराठीत छोटी पुस्तिका करते आहे. ‘दामदुप्पट’ या शब्दापाशी अडले. किसान विकास पत्राबद्दल मी सहज लिहून गेले, ‘ठरलेल्या मुदतीत दामदुप्पट’. त्याच आठवड्यात आजोबांच्या कागदांत एक जुना कर्जरोखा निघाला. मोडी वाचणाऱ्या एका आजोबांकडून तो वाचून घेतला, तर त्यात सावकाराने ‘दामदुपटीपर्यंत’ घ्यावं असं आहे. म्हणजे माझ्या वाक्यात हा शब्द मिळण्याचं आश्वासन देतो आणि रोख्यात तोच शब्द घेण्याला हद्द घालतो. मूळ अर्थ कोणता? शेजारच्या गुजराती बेनना विचारलं. त्यांच्याकडेही ‘दामदुपट’ आहे, पण पैसे वाढायचे असले की त्या ‘एक का डबल’च म्हणतात.

(प्रतापनगर)

ताई, मूळ अर्थ हद्दीचाच. वकिलीत चाळीस वर्षं गेली, हा शब्द पुष्कळदा हाताळला आहे. शब्दाची फोड सोपी आहे. ‘दाम’ म्हणजे इथे किंमत नव्हे, पैसा. ग्रीक ‘द्राख्मे’, त्यावरून ‘द्रम्म’, त्यावरून दाम. ‘पट’ तोच, जो तिप्पट-चौपटीत आहे.

नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे: ‘कुसीदवृद्धिर्द्वैगुण्यं नात्येति सकृदाहृता’. एका वेळी घ्यायची रक्कम व्याज धरून मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये. म्हणजे व्याज जास्तीत जास्त मुद्दलाइतकंच. याज्ञवल्क्याने तर मालानुसार हद्द वेगळी ठेवली: सोनं दुप्पट, धान्य तिप्पट, कापड चौपट. आपल्याकडे धान्य वाढीदिढीने, म्हणजे वाढवून परत घ्यायच्या बोलीने, देत, त्याचा हिशोब निराळा असण्याचं कारण यातून समजतं. बी पेरलं की ते वाढतं, नाणं पेटीत ठेवून वाढत नाही.

इंग्रजी अमलात १८५५ च्या कायद्याने व्याजावरचे जुने निर्बंध काढून टाकले, तरी मुंबई इलाख्यात न्यायालयांनी हिंदू ऋणकोंसाठी दामदुप्पट चालू ठेवली. कलकत्ता शहरातही ती होती, मद्रासकडे नव्हती.

‘सकृत्’ म्हणजे एकदाच, हा शब्द मात्र विसरू नका. ऋणको वर्षानुवर्षं थोडं थोडं व्याज देत गेला, तर एकूण व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ शकतं. हद्द आहे ती एका वेळी वसूल करायच्या थकबाकीला. आणि चतुर सावकार जुनं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेत. नवा करार झाला की ते सगळंच मुद्दल ठरे. शेतकऱ्याचं घर तिथेच बुडे.

(मांडवी)

वकीलसाहेबांनी अर्थ सांगितला, मी हिशोब सांगतो. आमची सारी नोकरी बँकेत गेली. १९०८ साली सयाजीराव महाराजांच्या काळात २० जुलैला याच मांडवीत बँक ऑफ बडोदा सुरू झाली, त्यामुळे व्याजाची चर्चा इथल्या हवेतच आहे.

जुन्या पेढीचा दर धरा, शेकडा दरमहा एक रुपया, सरळव्याज. मग १०० रुपयांवर १०० रुपये व्याज व्हायला बरोबर १०० महिने, म्हणजे ८ वर्षं ४ महिने. तोच दर चक्रवाढीने वर्षाला १२ टक्के धरा, तर सहा वर्षांच्या थोडं पुढे. घरी मांडायचं तर ७२ ला दराने भागा, दुप्पट व्हायची वर्षं जवळजवळ बरोबर येतात.

किसान विकास पत्र १९८८ साली आलं तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट होई, म्हणजे दर १३.४ टक्क्यांच्या आसपास. २०११ मध्ये ते बंद केलं, २०१४ मध्ये १०० महिन्यांच्या मुदतीने पुन्हा आणलं आणि एप्रिल २०२३ मध्ये ७.५ टक्क्यांनी मुदत ११५ महिने ठरली. ७२ भागिले साडेसात करून पाहा. आता तोच भागाकार महिन्याला ३ टक्के घेणाऱ्या क्रेडिट कार्डाला लावा: २४ महिने. थकलेली रक्कम दोन वर्षांत दुप्पट. पुस्तिकेत हे नक्की घ्या. आमच्या काउंटरवर शिकलेली माणसंही या आकड्याने दचकत.

(सयाजीगंज)

काका, माणसं दचकतात यावर संशोधनही झालंय. मी अर्थशास्त्र शिकतेय. २००९ मध्ये स्टँगो आणि झिनमन यांनी अमेरिकी कुटुंबांच्या आकडेवारीवरून दाखवलं की चक्रवाढ डोक्यात सरळ रेषेत धरणारी कुटुंबं कर्ज जास्त घेतात आणि बचत कमी करतात.

पण मला दामदुप्पटीची वेगळीच बाजू महत्त्वाची वाटते. व्याजाच्या दरावर कमाल मर्यादा घातली तर धोक्याच्या ऋणकोला कर्जच मिळत नाही, असा आक्षेप नेहमी येतो. स्टिग्लिट्झ आणि वाइस यांनी तर १९८१ मध्ये असं मांडलं की मर्यादा नसली तरी बँक दर वाढवत न बसता कर्ज देणंच आवरते, कारण दर चढला की सावध ऋणको निघून जातो आणि धोका पत्करणारा उरतो. दामदुप्पट मात्र दराला हात लावत नाही. दर काहीही घ्या, थकबाकी फुगवून ठेवू नका, एवढंच ती सांगते. व्याज मुद्दलाला पोचलं की सावकाराला थांबून राहण्यात फायदा नाही. वेळेवर वसुली कर किंवा तडजोड कर, हा इशारा त्यातच आहे. दरमर्यादा आणि थकबाकीची मर्यादा या दोन गोष्टी आपण भाषेतही वेगळ्या ठेवायला हव्यात.

(रावपुरा)

एक शंका. आज शंभरातले नव्वद लोक दामदुप्पट म्हणजे पैसे डबल होणं असंच समजतात. शब्द रूढीने चालतो. मग जुना अर्थ कशाला उकरायचा?

(दांडिया बाजार)

दादा, रूढी मीही मानते. पण हा शब्द ऋणकोच्या बाजूचा होता. आता फसव्या योजनांचे एजंट तोच घेऊन आमच्या ओट्यावर येतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीचे मंगळसूत्राचे पैसे अशाच ‘दामदुप्पट’ योजनेत गेले. म्हणून निदान आमच्या पुस्तिकेत तरी हा शब्द मी त्याच्या जुन्या जागी ठेवणार. पोस्टाच्या योजनेपुढे ‘रक्कम दुप्पट होण्याची मुदत’ असं लिहीन. कर्जाच्या प्रकरणात ‘दामदुप्पट’, आणि खाली काकांचा ७२ चा भागाकार. वकीलसाहेबांची नव्या रोख्याची गोष्टही घेते, कारण बचतगटात जुनं कर्ज ‘नवं करून घेणं’ आजही चालतं, आणि सह्या करणाऱ्या बायका मुद्दल किती झालं हे विचारत नाहीत.

एक राहिलं. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवण्याला मराठीत एकच नेमका शब्द आहे का? ‘चक्रवाढ’ वेगळी, ती ठरलेल्या वेळी आपोआप होते. कुणाच्या जुन्या चोपडीत असेल तर कळवा.