विकतच्या लिंकांबद्दल

गूगलवर आपली साइट वर यावी म्हणून दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या पाचशे लिंका स्वस्तात मिळताहेत, घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. घेऊ नका, भिया! आमच्या इंदूरच्या मामेभावानं शेव-नमकीनच्या साइटसाठी हेच केलं होतं. लिंका आल्या त्या जुगाराच्या आणि औषधांच्या पानांवरून. शेवेचा तिथं काय संबंध? गूगलनं एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन (फसव्या लिंकांच्या साइट शोधात खाली ढकलणारा बदल) आणलं ते असल्याच उद्योगांसाठी; २०१६ पासून तर ते मुख्य अल्गोरिदमचाच, म्हणजे निकालांचा क्रम ठरवणाऱ्या पद्धतीचाच भाग आहे. आता अशा लिंका बहुतेक वेळा मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसे पाण्यात.

मग आम्ही एकच पान नीट लिहिलं: लौंग शेव आणि बारीक शेव यांत फरक काय, कुठली किती दिवस टिकते, दमट हवेत कशी ठेवायची. इंदूरच्या सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाण्यावर लिहिणाऱ्या एका ताईंनी त्याची लिंक आपणहून दिली. एकच, पण तिच्यावरून माणसं खरंच आली.

हां, फुकट शेव पाठवून कुणाकडून लिहून घेतलंत, तर त्या लिंकेला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ ही खूण (लिंकेच्या कोडमध्ये, गूगलला कळावी अशी) लावायला सांगा, गूगलचा तसा नियमच आहे. (भावाला हे पटवताना माझा घसा बसला.)