दावा फुकेतमध्येच लावावा लागत नाही

थायलंडमधल्या फुकेतच्या सहलीत बोटीवर पाय मोडला तर तिथल्याच कोर्टात जावं लागतं, असं म्हटलं जातं. तसं नाही. पॅकेज इथल्या टूर कंपनीचं असेल आणि बोटफेरी त्यातच असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत २ वर्षं. पॅकेजची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

घोडं अडतं ते पुराव्यावर. परतण्याआधीच पोलीस नोंद, डॉक्टरांचा सविस्तर अहवाल, मूळ बिलं, अपघाताच्या जागेचे, उदा. निसरड्या पायरीचे, फोटो घ्या. टूर मॅनेजरला त्याच दिवशी ईमेल करा. फोनवरचं बोलणं नंतर सिद्ध करणं अवघड जातं.

विमानात इजा झाली तर दावा थेट एअरलाइनवर, माँट्रियल करारानुसार (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा करार); मुदत तिथेही २ वर्षंच.

आणि कंपनीने 'पूर्ण व अंतिम तडजोड' असा कागद पुढे केला, तर उपचार संपेपर्यंत सही अजिबात करू नका.