दादा म्हणतो सोडवा मला. आम्ही ‘नाही’ म्हणतो ते त्याच्यासाठी की आमच्यासाठी?

सुरंगी_डिचोली

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच. माझा मोठा भाऊ, वय ४१. आमचा खाणीवर ट्रक होता, २०१८ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा विकला, मग दादा एका गोदामात कामाला लागला आणि पुढच्याच पावसाळ्यात रात्री घरी येताना रस्त्यात बसलेल्या गुरांवर बाईक आदळली. मानेचा पाचवा मणका, डॉक्टर सी-फाईव्ह म्हणतात तो. खांदे हलतात, उजवा कोपर थोडा वाकतो, बोटं नाही, छातीखालचं काहीच नाही. डोकं मात्र एकदम शाबूत, कुणी पानं उलटून दिली की पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो.

आई ६८ ची आहे. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते नाहीतर बेडसोर होतात, एकदा माकडहाडाशी झाला होता तो भरायला पाच महिने गेले. रात्री १२, २, ४ असे मोबाईलला गजर. गेल्या महिन्यात मी माहेरी होते, दोनचा गजर झाला, आई भिंतीला धरून धरून आली आणि दादा तिला म्हणाला, “आज राहूदे गे, झोप तू.” तिने ऐकलं नाही ते वेगळं. दुसऱ्या दिवशी आई देवळात गेल्यावर मला म्हणाला की स्वित्झर्लंडमध्ये परदेशी माणसालाही इच्छामरण मिळतं, मी सगळं वाचलंय, माझ्या वाट्याची जमीन विक आणि मला तिथे ने. रडला नाही, चिडला नाही, वीजबिल भरायला सांगावं तसं सांगितलं. मलाच राग आला, “परत असलं बोललास तर याद राख” म्हणून उठले. आता वाटतं तसं बोलायला नको होतं.

माझा नवरा म्हणतो तो शहाणा माणूस आहे, शरीर त्याचं, सोसणं त्याचं, तुम्ही कोण नाही म्हणणार. आईला अजून सांगितलेलं नाही. कायद्यात काय आहे तेही सांगा पण मला जास्त हे कळत नाहीये की बरोबर काय आहे.

मास्तर_पेडणे

ताई, तुमच्या मिस्टरांचं मला पटतं, आणि हे मी हलक्याने लिहीत नाही. स्पेनमध्ये रामोन साम्पेद्रो म्हणून एक खलाशी होता, १९६८ मध्ये समुद्रात उडी मारताना मान मोडली, वय २५. जवळजवळ तीस वर्षं तो अंथरुणावरून एकच गोष्ट मागत राहिला, कोर्टात गेला, कोर्ट नाही म्हणालं, शेवटी १९९८ मध्ये चोरून दुसऱ्यांच्या मदतीने गेला. त्यांच्या देशात कायदा झाला २०२१ मध्ये. तीस वर्षं जो माणूस आपलं म्हणणं बदलत नाही त्याला तू भावनेच्या भरात बोलतोयस असं कोण सांगणार? आपल्याकडे तर प्रायोपवेशन, समाधी यांच्यापुढे आपण हात जोडतो, मग एखादा अपंग माणूस शुद्धीत राहून तेच मागतो तेव्हा ते पाप कसं होतं? दुखणं एकाने सोसायचं आणि ते किती सोसायचं हे बाकीच्यांनी ठरवायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

चाकांवरून_साखळी

मी स्वतः १२ वर्षं व्हीलचेअरवर आहे, माझी दुखापत तुमच्या दादापेक्षा खालची, हात चालतात, त्यामुळे त्याचं सगळं मला कळतं असं म्हणणार नाही. पण पहिली दोन वर्षं मीही रोज हेच मागत होतो म्हणून लिहितोय.

मास्तर, तुमचा मुद्दा प्रामाणिक आहे पण प्रायोपवेशनाचं उदाहरण इथे लागत नाही, ते आयुष्यातली कामं उरकलेल्या माणसाचं, ज्याला निरोप द्यायला सगळं घर बसलेलं असतं. ४१ वर्षांचा धडधाकट माणूस उद्या मरायचंय म्हणाला तर आपण काय करतो? शेजारी धावतात, डॉक्टरकडे नेतात, रात्रभर कुणीतरी सोबत बसतं. तोच माणूस खाटेवर पडून तेच म्हणाला की आपण मान हलवतो, “बिचारा, सुटेल तरी.” दोघांचे शब्द सारखेच असतात, फक्त आपण एकाचं ऐकून हादरतो आणि दुसऱ्याचं ऐकून आपल्याला पटतं, आणि ते खाटेवरच्या माणसाला दिसतं हो, सगळं दिसतं. माझा सख्खा काका माझ्यासमोर म्हणाला होता की असं जगण्यापेक्षा गेलेलं बरं, तेव्हापासून मी दोन महिने कमी जेवायचो, कमी खाल्लं की कमी त्रास म्हणजे आईला साफ कमी करावं लागेल.

माझं बदललं ते काही हिंमत आली म्हणून नाही. रात्रीला माणूस ठेवला, पुढच्या दारी उतार बांधला, आतल्या खोलीतून खाट ओसरीवर आणली. बस्स. पोदेर सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत आला की पाव मी घेतो, हिशेब मी ठेवतो, तिथून सुरुवात झाली. तुमच्या शेजारच्या सिंधुदुर्गात नसीमा हुरजूकांनी अपंगांना घेऊन काजूचं युनिट उभं केलं, त्या स्वतः खुर्चीवर. तसं सगळ्यांनी करावं असं नाही, नुसतं ओसरीवर बसणंसुद्धा पुरेसं असतं.

कॅनडाचं बघा. तिथे २०१६ मध्ये कायदा झाला तो मरण जवळ आलेल्यांसाठी, २०२१ मध्ये ती अट काढली, म्हणजे मरणार नसलेल्या अपंगालाही दार उघडं झालं. विरोध सगळ्यात जास्त कुणी केला? तिथल्या अपंगांच्याच संघटनांनी, की घरी मदतनीस मिळत नाही, पेन्शन पुरत नाही आणि मरण तेवढं सरकारी खर्चाने. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनेही ते कलम रद्द करा असं कॅनडाला सांगितलं. कॅन्सरच्या शेवटच्या महिन्यातल्या माणसाबद्दल मी हे बोलत नाहीये, तिथे माझंही मन वेगळं आहे.

ताई, तुमचा दादा “सोडवा” कधी म्हणाला? आई भिंत धरून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. ते तुम्हीच लिहिलंय.

फिजिओ_फोंडा

वरच्यांना जोडून एक. डोळ्यांच्या पापण्यांशिवाय जवळजवळ काहीच हलत नाही अशा, म्हणजे लॉक्ड-इन झालेल्या ६५ जणांना बेल्जियमच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, २०११ मध्ये ते छापून आलं. ४७ जण म्हणाले आम्ही सुखी आहोत, १८ नाही म्हणाले, इच्छामरण हवं म्हणणारे ७ टक्के. आता ज्यांनी उत्तर दिलं त्यांचीच ही मोजणी, जे खचलेत ते कदाचित उत्तर देतच नाहीत, हे धरूनच बघा. पण जास्त वर्षं झालेले लोक जास्त समाधानी होते हे त्यात दिसतं, आणि आम्ही पेशंटमध्येही तेच बघतो. आणि ते १८ खोटं बोलत होते असंही नाही, त्यांचंही ऐकायलाच हवं. दादाची झोप, भूक, मूत्रमार्गाचं इन्फेक्शन, अंगाला येणारे झटके, हे कुणी तपासलंय का? डिप्रेशनची तपासणी झालीये का? अशा दुखापतीनंतर ते खूप असतं आणि त्याला औषध आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, दादाला स्पीकरवर लावून द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा, तुमच्यासमोर तो बोलणार नाही.

वकील_म्हापसा

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मरायला मदत करणं आपल्याकडे गुन्हाच आहे, आत्महत्येला साह्य, न्याय संहितेचं कलम १०८, १० वर्षांपर्यंत शिक्षा. तिकीट काढून नेणाऱ्या बहिणीने हे डोक्यात ठेवावं. वर्षानुवर्षं बेशुद्धीत पडून असलेली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली नर्स अरुणा शानबाग, तिच्या केसमध्ये २०११ ला सुप्रीम कोर्टाने उपचार थांबवायला वाट दिली पण तिच्यासाठीची विनंती फेटाळली, केईएमच्या नर्स तिला सोडायला तयार नव्हत्या. २०१८ ला लिव्हिंग विल मान्य झालं आणि २०२३ ला त्याची पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आपल्या गोव्यात मे २०२४ मध्ये हायकोर्टाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचं असं पत्र नोंदवलं, राज्यातले पहिले.

पण गल्लत नको. लिव्हिंग विल म्हणजे पुढे मी बरा होण्यासारखा नसेन आणि मला बोलता येत नसेल तेव्हा मशीनवर ताणू नका, एवढंच. दादा आज जे मागतोय ते त्यातून मिळत नाही. शुद्धीतला सज्ञान माणूस म्हणून एखादा उपचार नको म्हणायचा हक्क मात्र त्याला आजही आहे.

मास्तर_पेडणे

साखळीकर, कमी जेवायचो ते वाचून गप्प झालो. माझं मत अजून तेच आहे, पण रात्रीचा माणूस ठेवायच्या आधी ते बोलू नये एवढं पटलं.

सुरंगी_डिचोली

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा घरी जाऊन आले. या वेळी रागावले नाही, नुसतं विचारलं की दादा तुला नेमकं काय सहन होत नाही ते सांग. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला आईचं रात्री उठणं, आणि चवथीला तुम्ही दार लावता ते. हे मी प्रश्नात लिहिलंच नव्हतं. चवथीला आरतीला वाड्यावरचे लोक येतात, युरीन बॅगचा वास येतो म्हणून आम्ही त्याच्या खोलीचं दार ओढून घेतो, सहा वर्षं. अपघाताआधी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट, तोच बांधायचा, तिच्यासाठी कांगलां ही रानफळं आणायला रानात तोच जायचा. आम्हाला कुणाला कधी सुचलंच नाही, आणि त्याने कधी म्हटलं नाही.

यंदा खाट माटोळीखाली आणायची ठरली आहे, कुठे काय बांधायचं ते तो सांगेल आणि माझा मुलगा बांधेल. स्वित्झर्लंडचं त्याने मागे घेतलेलं नाही, “चवथीनंतर बोलू” एवढंच म्हणाला, आणि मीही हो म्हटलं, बोलू. व्हेंटिलेटर नको असं लिहून ठेवायचंय म्हणाला, वकीलसाहेब, त्याला सही जमत नाही, अंगठा उठवला तर चालतो का आणि नोटरी घरी येतात का ते सांगा.

आणि डिचोली-साखळी भागात रात्रीसाठी पुरुष अटेंडंट कुणाच्या ओळखीत आहे का? दादा ७२ किलोचा आहे, कुशीवर वळवायला ताकद लागते. पगाराचं आम्ही तिघं भावंडं मिळून बघतोय.